टूल बनवताय? मग पाया कोणता घालणार?

आपल्या यावल-फैजपूरकडची शिकलेली पोरं आता नुसतं बिलिंग सॉफ्टवेअर नाही, तर सॉफ्टवेअर बनवायचं सॉफ्टवेअर, म्हणजे डेव्हलपमेंट टूल विकायचं म्हणतात. चांगलंय. पण खाली डेटाबेस कोणता?

नेहमीचा रिलेशनल डेटाबेस (1970 मध्ये कॉड यांनी मांडलेला) म्हणजे केळीचा घड तोडून फण्या एका क्रेटमध्ये, दांडा दुसऱ्यात, चिठ्ठी तिसऱ्यात. पुन्हा अख्खा घड पाहिजे, तर जोडत बसा. ऑब्जेक्ट डेटाबेस घड तसाच टांगून ठेवतो. आता प्रोग्रामचा कोड बघा. एका फंक्शनचे धागे दहा ठिकाणी गेलेले असतात. इथे टेबलं न जोडता थेट एका धाग्यावरून पुढच्यावर जाता येतं, म्हणून टूल पळतं. जेमस्टोन, ऑब्जेक्टस्टोअर असे डेटाबेस कॅड आणि डेव्हलपमेंट टूलवाल्यांना आवडले ते यासाठीच.

मग ते सगळीकडे का नाहीत? कारण डेटा तुमच्या कोडच्या क्लासला चिकटतो. क्लास बदलला की प्रत्येक जुन्या गिऱ्हाइकाचा डेटा बदलून द्यायचा, तोही फुकटात! शिवाय गिऱ्हाईक म्हणतं, 'माझा डेटा एक्सेलमध्ये द्या.' एसक्यूएल येणारा पोरगा जळगावात मिळेल. ऑब्जेक्ट डेटाबेसवाला शोधून दाखवा. त्यांचं सामाईक स्टँडर्ड ठरवणारा ओडीएमजी गटसुद्धा 2001 मध्ये बंद झाला.

पुण्यात 1990 मध्ये पर्सिस्टंट सिस्टिम्स सुरू करणारे आनंद देशपांडे डेटाबेसमध्येच पीएचडी केलेले. 'पर्सिस्टंट' हा शब्दही याच विषयातला: प्रोग्राम बंद झाला तरी डेटा टिकणं. पण कंपनी वाढली ती दुसऱ्यांची सॉफ्टवेअर प्रॉडक्ट बनवून देण्यावर. विषयाची आवड एक, गल्ला दुसरा!

सगळ्यात मजेशीर जोडी गिट आणि फॉसिलची. दोन्ही कोडच्या आवृत्त्या सांभाळतात. टॉरवाल्ड्सनी 2005 मध्ये गिट केलं, त्यात फाइल, फोल्डर, कमिट सगळे ऑब्जेक्ट. पण तयार डेटाबेस विकत न घेता साध्या फाइलींवर रचलेले. हिप यांचं फॉसिल मात्र सरळ एसक्यूलाइटवर चालतं. काम तेच, पाया वेगळा, आणि दोन्ही चालू आहेत.

माझं मत विचाराल तर पहिल्या टूलला एसक्यूलाइटच घ्या. फुकट आहे, एका फाइलीत मावतं. ऑब्जेक्टचा मोह होतच असेल, तर आधी गिऱ्हाइकाचा खरा, मोठा प्रोजेक्ट दोन्हीत भरा. उघडायला किती वेळ लागतो ते मोजा, एक क्लास बदलून बघा, आणि सगळा डेटा बाहेर काढून बघा. यातलं तिसरं अडलं, तर पहिल्याचा वेग कितीही असो, मी तरी घेणार नाही.