कामासाठी फोर व्हील ड्राइव्ह : बंगळुरूत इंधनापेक्षा कराचा हिशेब मोठा

बंगळुरू : सकलेशपूर, चिक्कमगळूर आणि कोडगूमधील कॉफीमळे, तुमकुरू जिल्ह्यातील पावगड येथील सौरऊर्जा प्रकल्प, कोलार व चिक्कबळ्ळापूर परिसरातील दगडखाणी अशा ठिकाणी कामानिमित्त जाणारे अनेक कंत्राटदार, अभियंते आणि पुरवठादार बंगळुरूत राहतात. फोर व्हील ड्राइव्ह वाहन घ्यावे की नाही, हा प्रश्न त्यांच्यापुढे दर पावसाळ्यात उभा राहतो. विक्रेत्याकडे गेल्यावर चर्चा बहुधा ‘मायलेज किती’ येथून सुरू होते. कर्नाटकात मात्र निर्णय फिरवणारा आकडा इंधनाचा नसून कराचा असण्याची शक्यता अधिक आहे.

प्रथम इंधनाचा हिशेब. चारही चाकांना शक्ती पुरवण्यासाठी वाहनात ट्रान्सफर केस, पुढील आसाकडे जाणारा आणखी एक दांडा आणि पुढचा डिफरेन्शियल बसवावा लागतो. त्यामुळे वजन व घर्षण वाढते आणि पुढची चाके इंजिनपासून तोडलेली असतानाही हा बोजा वाहून न्यावाच लागतो. कर्नाटक सरकारने डिझेलवरील विक्रीकर २१.१७ टक्के केल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये बंगळुरूत डिझेल लिटरमागे ९१ रुपयांच्या पुढे गेले. वर्षाला २५ हजार किलोमीटर धावणारे वाहन लिटरला १४ ऐवजी १२ किलोमीटर देत असेल, तर सुमारे ३०० लिटर डिझेल अधिक लागते. या दराने तो फरक वर्षाला २७ हजार रुपये, म्हणजे पाच वर्षांत सुमारे १ लाख ३५ हजार रुपये होतो.

येथे एक फसगत टाळायला हवी. ‘लिटरला दोन किलोमीटरचा फरक’ सर्वत्र सारखा नसतो. तेवढ्याच अंतरासाठी १० वरून १२ वर गेल्यास ४१७ लिटर वाचतात, तर १५ वरून १७ वर गेल्यास १९६ लिटरच. त्यामुळे तुलना करताना शंभर किलोमीटरला लागणारे लिटर मोजणे अधिक प्रामाणिक ठरते. जाहिरातीतील आकडा प्रयोगशाळेतील चाचणीचा असतो. सिल्क बोर्ड चौकातील कोंडी त्यात धरलेली नसते.

आता कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या रचनेत चार मीटरपेक्षा अधिक लांबी नसलेल्या आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल मोटारींवर १८ टक्के, तर त्याहून मोठ्या मोटारींवर ४० टक्के कर आहे. महिंद्राची तीन दारांची ‘थार’ या दृष्टीने बोलके उदाहरण ठरते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या तिच्या आवृत्तीत १.५ लिटरचे डिझेल इंजिन आहे आणि ती १८ टक्क्यांत बसते. डिझेलवरील फोर व्हील ड्राइव्ह आवृत्तीत मात्र २.२ लिटरचे इंजिन असल्याने ती थेट ४० टक्क्यांत जाते. मारुतीची ‘जिम्नी’ चार मीटरच्या आत बसत असली, तरी पेट्रोल इंजिनासाठीची १२०० सीसीची मर्यादा ती ओलांडते. करापूर्वीची किंमत दहा लाख धरली, तर १८ आणि ४० टक्क्यांतील अंतर २ लाख २० हजार रुपये होते. पाच वर्षांच्या जादा डिझेलपेक्षा हा आकडा मोठा आहे.

त्यावर राज्याचा आजीवन रस्ता कर येतो. कर्नाटकात १० ते २० लाखांच्या मोटारीला तो १७ टक्के, २० लाखांवरील मोटारीला १८ टक्के असून अधिभार वेगळा. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरील १० ते २० लाखांच्या डिझेल मोटारीला हा दर १४ टक्के आहे. १८ लाखांच्या वाहनामागे हा फरक ५४ हजार रुपयांचा होतो.

व्यवसायासाठी वाहन घेणाऱ्यांनी आणखी एक कलम वाचलेले बरे. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १७(५) नुसार, चालकासह १३ जणांपर्यंतच्या प्रवासी वाहनावर भरलेल्या कराची वजावट काही अपवाद वगळता मिळत नाही. मालवाहू वाहनावर मात्र ती मिळते. म्हणूनच फोर व्हील ड्राइव्ह आवृत्तीतही मिळणारा ‘बोलेरो कॅम्पर’सारखा पिकअप दिसायला ओबडधोबड असला, तरी हिशेबात अनेकदा सरस ठरतो. (कंपोझिशन योजनेतील व्यावसायिकांना हा लाभ नाही.) त्याची दुसरी बाजू अशी, की परिवहन संवर्गातील वाहनाला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. चालकाच्या परवान्याची अडचण मात्र उरलेली नाही. साडेसात टनांपर्यंतचे परिवहन वाहन हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे.

इतका खर्च कोणासाठी योग्य? पावसाळ्यात जांभ्या मातीच्या चढावरून मजूर किंवा खते रोज वर न्यावी लागणाऱ्या मळ्यासाठी उत्तर सरळ आहे. तेथे ‘लो रेंज’ गिअरला पर्याय नाही आणि अडकलेल्या एका दिवसाची मजुरीही महाग पडते. पावगड किंवा कोलारच्या कोरड्या, कच्च्या रस्त्यांवर जाणाऱ्यांना मात्र जमिनीपासून पुरेशी उंची, चांगले टायर आणि ‘बोलेरो निओ’च्या वरच्या आवृत्तीत मिळणारा, मागच्या चाकांचा लॉकिंग डिफरेन्शियल बहुतेक वेळा पुरतो. वर्षातील दहा-बारा दिवसांसाठी मडिकेरी परिसरात स्थानिक जीप चालकासह भाड्याने घेणे अधिक स्वस्त पडू शकते. फोर व्हील ड्राइव्हमुळे ब्रेक लवकर लागत नाहीत, ही बाबही घाटात विसरून चालत नाही.

देखभालीत दोन गोष्टी महत्त्वाच्या. गरजेनुसार जोडायची फोर व्हील ड्राइव्ह कोरड्या डांबरी रस्त्यावर चालू ठेवल्यास वळणावर पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातील फरकाचा ताण यंत्रणेवर येतो आणि टायर झिजतात. दुसरे म्हणजे, बीएस-६ डिझेल वाहनातील काजळी गाळणारा फिल्टर तापून स्वच्छ होण्यासाठी काही काळ सलग वेग लागतो. आठवडाभर व्हाइटफिल्ड ते हेब्बाळ अशा कोंडीतच फिरणाऱ्या वाहनात तो तुंबतो आणि दुरुस्ती महागात जाते.

महाराष्ट्रातून वाहन घेऊन बंगळुरूत कामाला येणाऱ्यांसाठी मुदत निश्चित आहे. बारा महिन्यांहून अधिक काळ वाहन येथे ठेवायचे असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार कर्नाटकचा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि त्यासोबत वाहनाच्या वयानुसार येथील आजीवन करही भरावा लागतो.