लिपी आणि कुलूप : लिनक्सवरील दृश्यप्रसारणाचा प्रश्न

मोडी लिपीतील कागद वाचता आला नाही, तरी मोडी जाणणारा मिळताच तो उलगडतो. परंतु दप्तराच्या पेटीलाच कुलूप असेल, तर लिपिज्ञान व्यर्थ होय. इंटरनेटवरील दृश्यप्रसारण एका संगणकप्रणालीवर दिसते व दुसरीवर दिसत नाही, तेव्हा अडचण लिपीची की कुलपाची, हे प्रथम पाहिले पाहिजे. या दोहोंची गल्लत सर्रास केली जाते.

मायक्रोसॉफ्टने २००७ साली ‘सिल्व्हरलाइट’ हे ब्राउझरला जोडावयाचे सॉफ्टवेअर प्रसिद्ध केले, ते विंडोज व मॅक यांच्यापुरते. लिनक्ससाठी नॉव्हेल कंपनीच्या आश्रयाने मिगेल दे इकाझा व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मूनलाइट’ हे त्याचे मुक्त प्रतिरूप सिद्ध केले. जानेवारी २००९ मध्ये बराक ओबामा यांच्या शपथविधीचे इंटरनेटवरील अधिकृत प्रक्षेपण सिल्व्हरलाइटद्वारे झाले. तेव्हा मूनलाइटकर्त्यांनी घाईने जुळणी करून ते लिनक्सवरही दाखविले. लिपीची अडचण अशी श्रमाने दूर होते. (सार्वजनिक समारंभ पाहण्यासाठी नागरिकाने एका कंपनीचे सॉफ्टवेअर का बाळगावे, हा प्रश्न निराळा, आणि अधिक गंभीर.)

नेटफ्लिक्सच्या चित्रपटांपुढे मात्र मूनलाइट हतबल ठरले. ते चित्रपटही संगणकावर सिल्व्हरलाइटद्वारेच दिसत. पण ते ‘प्लेरेडी’ या यंत्रणेने कुलूपबंद असत आणि तिची किल्ली मूनलाइटला नव्हती. येथे एक तात्त्विक पेच आहे. ज्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता कोणालाही वाचता व बदलता येते, त्यात किल्ली लपवावी कोठे? तथापि दोष लिनक्सचा होता, असे म्हणता येत नाही. २००८ साली बाजारात आलेली रोकूची पेटी लिनक्सवरच चालत असे आणि तीवर नेटफ्लिक्स विनातक्रार दिसे. प्रणाली तीच, फरक एवढाच की पेटीच्या अंतर्भागावर ग्राहकाचा ताबा नव्हता. प्रणालींमधील विसंगती म्हणून जिचा उल्लेख होतो, ती वस्तुतः विश्वासाची वाटणी होती.

२०१२ साली मूनलाइटचे काम थांबले. ऑक्टोबर २०१४ मध्ये नेटफ्लिक्स लिनक्सवर आले, ते गूगलच्या क्रोम ब्राउझरमधील ‘वाइडवाइन’ या बंदिस्त घटकाच्या आधारे. ब्राउझर आणि असे घटक यांना जोडणारा संकेत वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने सप्टेंबर २०१७ मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारला. त्याच्या निषेधार्थ इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने त्या संस्थेचे सदस्यत्व सोडले. सिल्व्हरलाइटचा आधार २०२१ साली संपुष्टात आला. जोडसॉफ्टवेअर गेले, कुलूप राहिले.

वाइडवाइनमध्ये सुरक्षिततेच्या पायऱ्या आहेत. सर्वांत वरची पायरी यंत्राच्या संरक्षित भागावर अवलंबून असते. लिनक्सचा सामान्य संगणक बहुधा खालच्या पायरीवर गणला जातो. परिणामी अनेक सेवा त्याला कमी स्पष्टतेचे चित्र पाठवितात. चित्रपटाला संहिता मानून त्यातील चौकट न् चौकट न्याहाळणाऱ्या अभ्यासकाला त्याच वर्गणीत त्याच कृतीची पुसट प्रत मिळते, आणि ती पुसट का आहे, याचा उल्लेख पडद्यावर सहसा कोठेही नसतो.