दारू सोडायचीय, पण जायचं कुठं? चकलांबा परिसरातल्या घरांसाठी थोडी माहिती

दारू हराम आहे हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही माहीत असतं. म्हणूनच ज्या घरात ती शिरते ते घर गप्प होतं. मोहल्ल्यात इज्जत जाईल, मुलीच्या रिश्त्याला अडचण येईल, या भीतीनं सगळं झाकलं जातं. आम्हा शिक्षकांना मात्र ते मुलांवरून कळतं. मूल वर्गात झोपतं, पालकसभेला कुणी येत नाही, अब्बांचा विषय काढला की मान खाली जाते. अशा घरांनी काय करावं, कुठं जावं, हे आम्ही इथं सांगतोय.

पहिली गोष्ट डॉक्टरांची. रोज भरपूर पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम दारू बंद केली तर हातपाय थरथरतात, झोप उडते, फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांत भास, बरळणं सुरू झालं तर जिवावर बेतू शकतं. म्हणून "कोंडून ठेवा, आपोआप सुटेल" हा सल्ला ऐकू नका. चहातून गुपचूप पावडर देणंही धोक्याचं आहे. अशा औषधावर तो प्यायला तर तब्येत गंभीर बिघडू शकते. बीडचं जिल्हा रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय किंवा छत्रपती संभाजीनगरची घाटी, जे सोयीचं असेल तिथं मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा.

दवाखान्यातून शरीर सावरतं. खरी परीक्षा घरी आल्यावर असते. तोच नाका, तेच दोस्त, तीच संध्याकाळ. इथं आधारगट कामी येतो. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे 'एए', १९३५ साली अमेरिकेत दोन व्यसनी माणसांच्या भेटीतून सुरू झालं. भारतात ते १९५७ पासून आहे. सभासद व्हायला एकच अट: दारू सोडायची इच्छा. फी नाही, आडनाव विचारत नाहीत, इथलं बोलणं बाहेर जात नाही. लोक गोल बसतात, एकेक जण आपली हकीकत सांगतो, बाकीचे ऐकतात. उपदेश नसतो. "फक्त आजचा दिवस प्यायची नाही," एवढाच निश्चय रोज करायचा.

पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलं. पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांची त्याला मोठी मदत झाली. तिथंही उपचारानंतरच्या पाठपुरावा बैठकांवर भर असतो, आणि रुग्णांच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा वेगळा गट आहे.

आता आपल्या लोकांचा नेहमीचा सवाल. एएच्या बारा पायऱ्यांमध्ये देवाचा उल्लेख येतो, काही ठिकाणी बैठक चर्चच्या हॉलमध्ये भरते. मग मुसलमानानं जावं का? तिथं 'ज्याला जसा उमगला तसा ईश्वर' असंच म्हटलेलं आहे, कुणाचा धर्म बदलायला सांगत नाहीत. अमेरिकेत बाल्टिमोरच्या मुस्लिमांनी १९८९ मध्ये 'मिल्लती इस्लामी' नावानं याच पायऱ्या इस्लामी चौकटीत मांडल्या. आणि कुरआनात दारूची मनाई टप्प्याटप्प्यानं आली, हे आपण मदरशात शिकलोच आहोत. तौबा मनातून होते. त्या तौबेवर टिकून राहायला माणसांची सोबत लागते. यात ईमानाला धक्का बसण्यासारखं काहीच नाही.

गट शोधायचा कसा? १४४४६ ही नशामुक्तीची राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन आहे. १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवरही मोफत बोलता येतं. फोन केल्यावर दोनच गोष्टी विचारा: गेवराई-बीडच्या बाजूला सर्वांत जवळची बैठक कुठं आणि कोणत्या वारी भरते? ऑनलाइन बैठक आहे का? मोबाईलवरची बैठक ऊसतोडीला जाणाऱ्यांना विशेष उपयोगी. सहा महिने फडावर असताना गावातला गट तुटतो, फोनवरचा तुटत नाही. खासगी केंद्र निवडताना नोंदणी आहे का, डॉक्टर रोज येतात का, घरच्यांना भेटू देतात का, हे पाहा. मारहाण, साखळदंड असेल तर तिथं ठेवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला साखळीनं बांधायला मनाई केली आहे.

तो यायला तयारच नसेल तर? अम्मी, बीवी, मोठी मुलं यांनी स्वतः फोन करावा. 'अल-अनॉन' हा गट खास घरच्यांसाठीच आहे, पिणारा सोडो वा न सोडो. घरात मारझोड होत असेल तर आधी ११२ ला फोन करा, मुलांना घेऊन सुरक्षित जागी जा. सब्र म्हणजे मार खात राहणं नव्हे.

जवळपास गट नसेल तर? दारू सोडू पाहणारी दोन-तीन माणसं एकत्र आली की एएच्या रिवाजानुसार गट होतो. शाळेची एखादी खोली, मशिदीच्या बाजूचा हॉल, आठवड्यातला एक तास, एवढं पुरतं. जमातीच्या जिम्मेदारांना आमची एकच विनंती आहे. नमाजनंतर व्यसनावर बयान होतं, त्याच वेळी हे दोन नंबर वाचून दाखवा आणि मागं कुणी हळूच विचारायला आलं तर त्याचं नाव आपल्यापाशीच ठेवा.