गावच्या घरी इंटरनेट घेताना

नागपूरच्या लकडगंजात इंटरनेटचे दर तपासून निवड करता येते. तिथून भंडारा रस्त्याने मौद्याकडे किंवा कुहीच्या एखाद्या खेड्यात गेलात की पहिला प्रश्न वेगळाच असतो: घरापर्यंत येते तरी काय?

गावात फायबर असेल तर तेच घ्यावे. २०११ साली मंजूर झालेल्या आणि पुढे ‘भारतनेट’ म्हणून ओळखल्या गेलेल्या योजनेचा रोख ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्यावर होता. पण पंचायतीच्या भिंतीपासून तुमच्या ओसरीपर्यंतची केबल कोण टाकणार आणि तुटली तर किती दिवसांत जोडणार, हे आधी विचारा. माझ्या मते हाच सर्वांत मोलाचा प्रश्न आहे. जाहिरातीतला वेग त्यानंतर.

फायबर नसेल तर फाइव्ह-जीवर चालणारे वायरलेस कनेक्शन पाहावे. मात्र टॉवर आणि घर यांच्या मध्ये दाट झाडी असेल तर सिग्नल क्षीण होतो. उन्हाळ्यात पानगळीच्या दिवसांत घेतलेली चाचणी म्हणूनच पावसाळ्यात फसवी ठरू शकते. संध्याकाळी, सगळे गाव मोबाइलवर असताना, त्याच कंपनीच्या सिमकार्डवर वेग मोजून बघा.

उपग्रह हा शेवटचा पर्याय. भूस्थिर उपग्रह सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर असल्याने व्हिडिओ कॉलमध्ये बोलणे अडखळते; साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरणाऱ्या उपग्रहांत ही अडचण बरीच कमी असते.

आणि भारनियमन असेल तर राउटरसाठी छोटा बॅटरी बॅकअप त्याच दिवशी आणा.