वैमानिकाचा हवामान नकाशा : खुणा आणि अर्थ

• वेळ : नेहमी यूटीसी. भारतीय वेळेसाठी ५ तास ३० मिनिटे मिळवा.
• वारा : दांडीचे रेघांकडील टोक वारा कुठून येतो ते दाखवते. आखूड रेघ ५ नॉट, लांब रेघ १०, भरीव त्रिकोण ५०. एक त्रिकोण, दोन लांब, एक आखूड : ७५ नॉट.
• १ नॉट : ताशी १.८५२ किमी.
• उंची : ‘एफएल ३४०’ म्हणजे प्रमाण दाबानुसार ३४,००० फूट.
• तापमान : वरच्या थरांच्या नकाशात आकड्यापुढे अधिकचे चिन्ह किंवा ‘पीएस’ नसेल, तर शून्याखाली.
• ‘सीबी’ : गडगडाटी ढग; गारा, बर्फ व जोरदार हादऱ्यांची शक्यता गृहीत.
• मेटार आणि टॅफ : मेटार ही विमानतळावरची प्रत्यक्ष नोंद, टॅफ हा अंदाज.
• विमानतळ संकेत : मुंबई व्हीएबीबी, पुणे व्हीएपीओ.