माहा, खालिद आणि पडद्यावरची अरबी

अमेरिकी विद्यापीठांत अरबी शिकलेल्या बहुतेकांना न्यूयॉर्कची माहा आणि कैरोचा खालिद माहीत असतात. जॉर्जटाउन विद्यापीठाच्या प्रकाशनाने १९९५ मध्ये प्रथम काढलेल्या ‘अल-किताब’ या पाठ्यपुस्तकमालेतली ही पात्रे. त्यांची गोष्ट व्हिडिओतून पुढे सरकते. माहा जरा रडकीच, पण विद्यार्थ्यांना ती विसरता येत नाही!

इथे व्हिडिओ हौसेखातर आलेला नाही. अरबीत लिहायची, बातम्यांची भाषा एक आणि घराबाजारातली दुसरी; शिवाय ही दुसरी कैरोत वेगळी, दमास्कसमध्ये वेगळी. पुस्तकाच्या तिसऱ्या आवृत्तीत गोष्ट प्रमाण, इजिप्ती आणि शामी (दमास्कसकडची) अशा तिन्ही रूपांत ऐकता येते. छापील पानाला हे जमणारे नव्हते.

उच्चारांचे दुखणे आणखी खोल. अरबीत साधा ‘स’ आहे, तसाच जिभेचा मागचा भाग उचलून काढलेला जड ‘स’ही. नवख्या कानाला दोन्ही सारखेच वाटतात. अॅम्स्टरडॅम विद्यापीठात तयार झालेल्या ‘प्राट’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ध्वनी मुद्रित केला, की पडद्यावरच्या ध्वनिचित्रात जड व्यंजनाशेजारच्या स्वराची दुसरी पट्टी खाली झुकलेली दिसते. कानाला न कळलेले डोळ्यांना कळते.

अक्षरे गिरवायला अॅप पुरते. मात्र छापील अरबीत ऱ्हस्व स्वरांच्या खुणा सहसा नसतात आणि काही अॅप त्या शेवटपर्यंत दाखवत राहतात. अशी कुबडी पहिल्या सत्रातच काढून घ्यावी.