कुकर बदलला म्हणून साखर हटत नाही

भोसरी, तळवडे, चाकणच्या कारखान्यांत पाळी सांभाळणाऱ्या घरांत भाताइतकं सोयीचं दुसरं काही नाही. पोळ्यांना वेळ लागतो, भात एका बाजूला शिजत राहतो. नेमक्या याच घरांना हल्ली ‘साखर कमी करणारा’ राइस कुकर खुणावतो. भातात खरं तर साखर नसते, पिष्ट असतं. त्याचं आतड्यात ग्लुकोज होतं. या कुकरमध्ये तांदूळ जाळीच्या भांड्यात, भरपूर पाण्यात उकळतात आणि मग पेज खाली निथळते. म्हणजे कोकणातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या भात वेळत आल्या, तेच काम इथे वीज करते. पेजेबरोबर थोडं पिष्ट जातं हे खरं, पण पाण्यात विरघळणारी ब जीवनसत्त्वंही जातात. कोकणात ती पेज पिऊन तरी टाकतात. शहरात ती थेट सिंकमध्ये.

जाहिरातीतली टक्केवारी मात्र नीट तपासून घ्यावी. शंभर ग्रॅम तांदळात साधारण 78 ग्रॅम कर्बोदकं असतात. त्याचा 280 ग्रॅम भात झाला तर शंभर ग्रॅम भातात 28 ग्रॅम येतात. तोच भात जास्त पाणी पिऊन 350 ग्रॅम झाला तर 22. पिष्टाचा एक कणही न काढता आकडा वीस टक्क्यांनी उतरला! पोट भरेपर्यंत खाणाऱ्याच्या रक्तात शेवटी किती तांदूळ गेला, तेवढंच मोजलं जातं.

प्रश्न प्रमाणाचा आहे, याला आधार आहे. एकवीस देशांतल्या सव्वा लाखाहून अधिक लोकांच्या ‘प्युअर’ पाहणीत (2020) दक्षिण आशियात रोज 450 ग्रॅम किंवा जास्त शिजलेला पांढरा भात खाणाऱ्यांना, 150 ग्रॅमपेक्षा कमी खाणाऱ्यांच्या तुलनेत, मधुमेहाचा धोका 61 टक्क्यांनी अधिक दिसला. अशा पाहणीतून भातच कारण, असं सिद्ध होत नाही. पण इशारा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. यावर ठरलेला आक्षेप येतो: मावळातले आजोबा तर ताटभर भात खायचे. खायचे, आणि दिवसभर खाचरात चिखल तुडवायचे. शिवाय बारीक अंगकाठी हा काही दाखला नव्हे. दिसायला सडपातळ भारतीयांच्या अंगातही चरबी जास्त असते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक कितीतरी वर्षं दाखवत आले आहेत. मग हातसडीचा किंवा ब्राउन राइस? कोंड्यामुळे तंतू आणि जीवनसत्त्वं मिळतात, म्हणून जरूर खावा. ग्लायसेमिक इंडेक्स मात्र सरासरी 73 वरून 68 वर येतो, एवढंच. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून 1987 मध्ये आलेल्या इंद्रायणीला त्यासाठी घराबाहेर काढण्याचं कारण नाही.

फ्रीजमधल्या भाताचंही असंच. इंडोनेशियातल्या 2015 च्या अभ्यासात, चोवीस तास थंड करून पुन्हा गरम केलेल्या भातात न पचणारं पिष्ट शंभर ग्रॅमला 0.64 वरून 1.65 ग्रॅम झालं आणि जेवणानंतरची साखर कमी चढली. फोडणीच्या भाताला ही चांगली शाबासकी आहे, पण फरक एका ग्रॅमचा आहे. आणि भात रात्रभर ओट्यावर राहिला तर त्यात बॅसिलस सिरियस वाढतो. त्याचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. उरलेला भात लवकर फ्रीजमध्येच जायला हवा.

मग विजेचा कुकर घ्यायचाच नाही का? घ्यावा, साधा घ्यावा. तोशिबाने 1955 मध्ये बाजारात आणलेल्या कुकरचा खरा गुण आपोआप बंद होणं हा होता, आणि तो आजही लाखमोलाचा आहे. थर्ड शिफ्ट करून आलेल्या माणसाला गॅसपाशी उभं राहावं लागत नाही. वरच्या वाफेच्या ताटलीत दुधी, गाजर, फरसबी शिजते. ती भाजी आणि डाळ आधी, भात मागून खाल्ला तर साखर सावकाश चढते. बहुतेक कुकरसोबत येणारा मोजकप सुमारे 180 मिलीचा असतो. त्यात 150 ग्रॅम तांदूळ बसतो आणि त्याचा चारशे ग्रॅमच्या वर भात होतो. तो एकट्याचा नाही, निदान दोघांचा आहे.